प्रोटॉनचा स्पिन मोजतात म्हणजे नेमकं काय करतात? गोठलेला अमोनिया, अर्धा टक्का फरक आणि तीन गुणक

अर्धपूर्णांक (धागाकर्ता)

प्रोटॉनच्या स्पिनबद्दल (म्हणजे कणाच्या अंगभूत कोनीय संवेगाबद्दल) मराठीत जे वाचायला मिळतं त्यात "क्वार्क (प्रोटॉनमधले घटक कण) फक्त ३० टक्के स्पिन देतात, बाकीचा गेला कुठे?" एवढं येतं आणि लेख संपतो. ते ३० टक्के कुठल्या यंत्रातून, कशाला कशाने भागून निघाले ते कोणी सांगत नाही. हा धागा तेवढ्यासाठीच. स्पिनचे वाटे कागदावर कसे पाडायचे, जाफे-मनोहर यांच्या पद्धतीने की शियांगडाँग जी यांच्या, हा सैद्धांतिक वाद इथे नको.

गाभा साधा आहे. इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर आदळतो तेव्हा मधे एक फोटॉन देवाणघेवाण होतो. फोटॉनचा स्पिन १, क्वार्कचा अर्धा. फोटॉन गिळल्यावरही क्वार्क अर्ध्याचाच राहायला हवा, म्हणून ज्याचा स्पिन फोटॉनच्या उलट आहे तोच क्वार्क त्याला गिळू शकतो. आता इलेक्ट्रॉनचा स्पिन कधी प्रोटॉनच्या दिशेने, कधी उलट ठेवायचा आणि दोन्ही वेळा विखुरलेले इलेक्ट्रॉन मोजायचे. दोन आकड्यांतला फरक भागिले बेरीज, ही कच्ची असममिती.

कच्ची म्हणायचं कारण, ती तीन गुणकांनी बारीक झालेली असते:
झोताचं ध्रुवीकरण (किती कणांचे स्पिन एकाच दिशेला वळलेत ते), टार्गेटचं ध्रुवीकरण आणि डायल्यूशन फॅक्टर. हा तिसरा म्हणजे आलेल्या घटनांपैकी (नोंदवलेल्या टकरींपैकी) ध्रुवित प्रोटॉनवरून आलेल्या घटनांचा वाटा.

अमेरिकेतल्या जेफरसन लॅबमधल्या अमोनिया टार्गेटचे ढोबळ आकडे घ्या: ०.८५ × ०.८० × ०.१५ = ०.१०२. खरी असममिती ५ टक्के असेल तर मोजणीत दिसते ती अर्धा टक्का. ती वीसात एक अचूकतेने हवी असेल तर सुमारे दीड कोटी घटना लागतात. त्या मिळतात. अडचण तिथे नाही. अडचण ही की शेवटी ज्या ०.१०२ ने भागायचं, तो आकडाच आपल्याला किती माहीत आहे? माझ्या मते या क्षेत्रातलं निम्मं कसब त्या भाजकात आहे.

१९८८ साली सर्नच्या ईएमसी प्रयोगाने प्रोटॉनच्या जी-वन फलनाचं (असममितीवरून काढलेल्या, क्वार्कांचे स्पिन किती वळलेत हे सांगणाऱ्या आलेखाचं) क्षेत्रफळ काढलं, ते एलिस-जाफे या सैद्धांतिक नियमाच्या ०.१८९ या अपेक्षेपेक्षा बरंच कमी निघालं. सविस्तर निबंधात ०.१२६ आहे. त्यावरून क्वार्कांचा एकूण वाटा ०.१२ आला, अनिश्चिततेची पट्टी मात्र त्या आकड्याएवढीच रुंद. "स्पिन क्रायसिस" हा शब्द तेव्हापासून चिकटला. त्याआधी अमेरिकेतल्या स्लॅक त्वरक केंद्रात ई-८० आणि ई-१३० हे प्रयोग झाले होते, पण त्यांची मजल मोठ्या एक्सपुरती (एक्स म्हणजे प्रोटॉनच्या संवेगातला त्या क्वार्कचा हिस्सा). ईएमसी ०.०१ पर्यंत खाली उतरली आणि तूट नेमकी तिथेच होती.

ज्यांना टार्गेट, झोत, मोजणी यांतलं माहीत आहे त्यांनी भर घालावी. आकड्यांसकट.

---

पापुद्रा

धागा उत्तम. एक बाळबोध शंका. प्रोटॉनच हवा असेल तर सरळ हायड्रोजन गोठवून का वापरत नाहीत? डायल्यूशनचा प्रश्नच मिटेल. अमोनियात तीन हायड्रोजनपाठी एक नायट्रोजन फुकट ओझं.

---

शीतकपाट

@पापुद्रा, शंका बाळबोध नाही, पहिल्या फळीतल्या लोकांनाही तिथूनच सुरुवात करावी लागली.

हायड्रोजनचा रेणू थंड केला की तो पॅरा अवस्थेत जाऊन बसतो. तिथे दोन प्रोटॉनांचे स्पिन एकमेकांविरुद्ध आणि एकूण शून्य. शून्याला कोणत्या दिशेला वळवणार? म्हणजे जितका थंड कराल तितका तो हाताबाहेर. हायड्रोजन-ड्युटेरियम रेणूत ही अडचण नाही, कारण दोन अणुकेंद्रं वेगळी आहेत. त्याचा बर्फ जेफरसन लॅबमध्ये फोटॉनच्या झोताला चांगला चालला, पण इलेक्ट्रॉनच्या झोताखाली त्याचं ध्रुवीकरण टिकवणं फार जड जातं.

दुसरा रस्ता जर्मनीतल्या डेझीमधल्या हर्मिसचा. तिथे रेणू नाहीतच, सुटे अणू. चुंबकांनी हव्या त्या स्पिनचे अणू गाळून ४० सेंमी लांबीच्या, दोन्ही टोकं उघड्या ॲल्युमिनियमच्या नळीत सोडायचे. मधे खिडकी नाही, नायट्रोजन नाही, डायल्यूशन जवळपास १. पण घनता बघा: चौरस सेंटीमीटरमागे १० चा १४ वा घात इतके प्रोटॉन. तीन सेंमी अमोनियात त्याच्या अब्जपटीहून जास्त असतात. हर्मिसला परवडलं कारण ते हेरा वर्तुळाच्या आत बसलं होतं. २७.६ जीईव्हीचा तोच झोत ६.३ किमीच्या वर्तुळात सेकंदाला ४७ हजार वेळा त्या नळीतून जायचा. सरळ बाहेर काढलेल्या झोताला ही चैन नाही.

म्हणून उरतात हायड्रोजन भरपूर असलेले घन पदार्थ. ब्युटॅनॉलमध्ये ७४ पैकी १० भाग, म्हणजे साडेतेरा टक्के. अमोनियात १७ पैकी ३, म्हणजे साडेसतरा. फरक एवढाच असता तर ब्युटॅनॉलही चाललं असतं. अमोनिया जिंकतो तो झोताचा मारा सोसण्यात: किरणांनी बिघडलेलं ब्युटॅनॉल बदलावं लागतं, अमोनिया बऱ्याच अंशी पुन्हा सुधारता येतो.

---

नवसागर

अमोनियाचे खडे कसे होतात ते लिहितो, कारण बहुतेक निबंधांत हे एका ओळीत उरकतात.

अमोनिया वायू हळूहळू थंड करून गोठवायचा, काचेसारखी घट्ट वडी मिळाली पाहिजे. घाईत गोठवला तर भुसभुशीत बर्फ होतो आणि पेशीत (खडे भरायच्या टार्गेटच्या डबीत) वजन कमी भरतं. मग द्रव नायट्रोजनच्या थंडाव्यातच वडी फोडून १ ते ३ मिमीचे खडे चाळून घ्यायचे. खडा फार मोठा असेल तर पोटातली उष्णता थंड करणाऱ्या द्रव हेलियमपर्यंत पोचत नाही. फार बारीक असेल तर चुरा मधल्या फटी बुजवतो आणि हेलियम फिरत नाही.

हे खडे अजून निरुपयोगी. ध्रुवीकरणासाठी त्यांत सुटे, जोडी नसलेले इलेक्ट्रॉन हवेत. त्यासाठी खडे द्रव आर्गॉनमध्ये, म्हणजे ८७ केल्विनला बुडवून छोट्या त्वरकाच्या इलेक्ट्रॉन झोतासमोर धरतात. मात्रा चौरस सेंटीमीटरला १० चा १७ वा घात इलेक्ट्रॉन, या घरातली. अमोनियाचा एक हायड्रोजन उडतो आणि उरलेल्या तुकड्यावर एकटा इलेक्ट्रॉन राहतो. पांढरे खडे गर्द जांभळे होतात. रंग फिका राहिला तर मात्रा कमी पडली, असं डोळ्यांनीच कळतं.

द्रव नायट्रोजन स्वस्त असताना आर्गॉन का? उघड्या नायट्रोजनमध्ये हवेतला ऑक्सिजन विरघळत राहतो आणि किरणांखाली त्याचा ओझोन होतो. थंडीत साठलेला ओझोन स्फोटक असतो. इथे काटकसर नाही.

तयार खडे ७७ केल्विनलाच साठवायचे. पेशीत भरतानाही ते नायट्रोजनमधून बाहेर आले की सेकंद मोजायचे: वाफेत राहिलेला खडा तापतो, सुटे इलेक्ट्रॉन जोड्या लावून बसतात आणि जांभळा उडतो.

---

मोजपट्टी

आता ध्रुवीकरण. ५ टेस्ला आणि १ केल्विन या परिस्थितीत प्रोटॉन आपणहून किती वळतात? ०.५१ टक्के. काहीच नाही. त्याच परिस्थितीत इलेक्ट्रॉन ९९.८ टक्के वळलेले असतात, कारण त्यांचं चुंबकत्व साडेसहाशे पट. त्यामुळे इलेक्ट्रॉनकडून उसनं घ्यायचं.

इलेक्ट्रॉनच्या स्पिनच्या गिरकीची वारंवारता ५ टेस्लाला १४० गिगाहर्ट्झ, प्रोटॉनची २१३ मेगाहर्ट्झ. सूक्ष्मलहरी १४० च्या किंचित खाली लावल्या की इलेक्ट्रॉन आणि शेजारचा प्रोटॉन एकाच उडीत उलटतात. इलेक्ट्रॉन क्षणात परत मूळ जागी येतो आणि पुढच्या प्रोटॉनला उपलब्ध होतो. प्रोटॉनला परत यायला बराच वेळ लागतो. असा एकेक उलटत खड्यांतले ९० टक्क्यांहून जास्त प्रोटॉन एका बाजूला जातात. किंचित वर लावल्या की उलट दिशा. दोन्हींतलं अंतर ०.४ गिगाहर्ट्झच्या आसपास. चुंबकाला हात न लावता टार्गेटची दिशा फिरवता येते, हा मोठा फायदा.

इथे नवखे फसतात ते असे. बरोबर वारंवारता एकदा शोधून ठेवली की झालं, असं वाटतं. पण झोत खड्यांत नवनवे सुटे इलेक्ट्रॉन तयार करत असतो आणि उत्तम वारंवारता सरकत जाते. दर काही तासांनी थोडं खाली-वर करून बघावंच लागतं, नाहीतर ध्रुवीकरण घसरतं आणि दोष खड्यांवर जातो.

---

काळीकॉफी

@मोजपट्टी, ९० टक्के झालं हे कळतं कसं? एनएमआरच्या (अणुकेंद्रांचं चुंबकत्व रेडिओलहरींनी टिपणाऱ्या यंत्राच्या) सिग्नलची उंची वाढली एवढंच दिसतं ना? शंभर टक्के म्हणजे किती उंची हे कोण सांगतं?

---

मोजपट्टी

नेमक्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत.

सांगणारा एकच: ते ०.५१ टक्के. ते चुंबकक्षेत्र आणि तापमान यांवरून कागदावर काढता येतं, म्हणून तीच पट्टी. तिला टीई म्हणतात, थर्मल इक्विलिब्रियम. कृती अशी:

सूक्ष्मलहरी बंद, झोत बंद. खड्यांतलं जुनं ध्रुवीकरण पूर्ण विरू द्यायचं. हेलियमचा दाब एका जागी धरायचा. तापमान त्या दाबावरून काढतात: १ केल्विनला वाफेचा दाब ०.१२ टॉर, १.५ ला ३.६. टीईसाठी बरेचदा दीडच्या आसपास थांबतात कारण तिथे प्रोटॉन लवकर समतोलाला येतात, मात्र ध्रुवीकरण ०.३४ टक्केच मिळतं. मग थांबायचं. शिथिलन काळाच्या किमान चार-पाच पट. थांबण्यात कंजूषी केली की सिग्नल अजून सरकत असतो आणि पट्टीच वाकडी निघते. मग हजारो वेळा वारंवारता २१३ मेगाहर्ट्झच्या आजूबाजूला फिरवून सरासरी घ्यायची. चुंबक थोडा हलवून प्रोटॉनशिवायची रेषा घ्यायची, ती वजा करायची, उरलेल्या टेकाडाचं क्षेत्रफळ काढायचं. त्या क्षेत्रफळाला ०.३४ टक्के म्हणायचं. यापुढे क्षेत्रफळाच्या प्रमाणात ध्रुवीकरण.

आता यात काय बिघडतं:

तापमानात एक टक्का चूक म्हणजे ध्रुवीकरणात एक टक्का चूक, सरळ.

टीईचा सिग्नल आणि ९० टक्क्यांचा सिग्नल यांत अडीचशे पटींचा फरक. इलेक्ट्रॉनिक्स एवढ्या पल्ल्यात सरळ रेषेत चालतं का, हे वेगळं तपासावं लागतं.

सर्किटला जोडणारी केबल अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत कापलेली असते. खोलीचं तापमान बदललं की तिची विद्युत लांबी बदलते आणि पायाची रेषा तिरपी होते. दुपारी घेतलेली रेषा पहाटेच्या सिग्नलमधून वजा केली तर लहानशा टीई टेकाडाचा चेहराच बदलतो. दोन्ही लागोपाठ घ्या.

आणि सगळ्यात त्रासदायक: एनएमआरची तार तिच्याजवळचे खडे जास्त पाहते. झोत जातो मधून. झोताखालचे खडे जास्त भाजलेले, त्यांचं ध्रुवीकरण कमी, तार मात्र काठावरच्या निवांत खड्यांची खुशाली सांगते. म्हणून झोत एका जागी न ठेवता रास्टर चुंबकांनी पेशीच्या पूर्ण तोंडावर फिरवतात. तो काठापर्यंत पोचला नाही तर एनएमआर ८५ सांगतं आणि घटनांना मिळतं त्याहून बरंच कमी.

---

अर्धपूर्णांक

याला तोडगा आहे तो इथेच लिहितो. लवचीक विखुरणं: प्रोटॉन न फुटता इलेक्ट्रॉन उसळतो त्या घटना. त्यांची असममिती आधीच चांगली माहीत आहे, ती प्रोटॉनच्या विद्युत आणि चुंबकी फॉर्म फॅक्टरवरून (आतला भार आणि चुंबकत्व कसं पसरलंय ते सांगणाऱ्या आकड्यांवरून) काढता येते. मोजलेली भागिले काढलेली की झोत आणि टार्गेट यांच्या ध्रुवीकरणांचा गुणाकार थेट हातात. तोही ज्या खड्यांवर झोत पडला त्यांचाच. जेफरसन लॅबच्या हॉल बी या प्रयोगकक्षात शोधकाने टार्गेट जवळपास सगळीकडून वेढलेलं असल्याने इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन दोन्ही पकडता येतात, दोघांचे कोन जुळवून नायट्रोजनच्या घटना बऱ्याचशा गाळता येतात. झोताची ऊर्जा जितकी जास्त तितक्या या घटना कमी, ही मात्र मर्यादा.

एनएमआर आणि लवचीक पद्धत यांत फरक आला तर माझा कौल लवचीकला. एनएमआर तासागणिक चढउतार बघायला ठेवावं.

---

आकडेमोड्या

डायल्यूशनबद्दल. साडेसतरा टक्के हे फक्त अमोनियाच्या रेणूचं गणित. पेशीत खड्यांमधे द्रव हेलियम असतो, पुढेमागे ॲल्युमिनियमच्या खिडक्या, एनएमआरची तार. सगळं धरून १३ ते १६ टक्क्यांवर येतं.

त्यातला न सुटणारा तिढा म्हणजे पेशीचा किती भाग खड्यांनी भरलाय. साधारण ०.६. आधी वजन करून भरा म्हणाल, तर खडे नायट्रोजनमध्ये भिजलेले असतात आणि थंड होताना जागा बदलतात. मग मोजायचं कसं? त्याच पेशीच्या मापाचा कार्बनचा तुकडा आणि नुसत्या हेलियमने भरलेली रिकामी पेशी, या दोन्हींवर झोत सोडायचा. तिन्हींच्या घटनांची तुलना करून खड्यांची लांबी काढायची. पेशी प्रत्येक वेळी भरली की हा आकडा नवा. मागच्या पेशीचा आकडा पुढच्या पेशीला लावणं ही चूक होते आणि ती विश्लेषणात फार उशिरा लक्षात येते.

शिवाय डायल्यूशन हा एक आकडा नाही, एक्सप्रमाणे बदलतो. आणि नायट्रोजनही साधाभोळा नाही. नायट्रोजन-१४ चा स्पिन १, प्रोटॉन ९० च्या पुढे गेले की तोही १५-२० टक्के वळतो. नायट्रोजन-१५ घेतला तर दुरुस्ती काढायला सोपी, कारण ती एका सुट्या प्रोटॉनची. स्लॅकच्या ई-१४३ मध्ये तोच वापरला होता. खिसा मात्र हलका होतो.

---

पापुद्रा

मग हे सगळं वाचून एक वाटतं: झोत दुप्पट करा, वेळ दुप्पट करा, ही झंझट थोडी कमी होणार नाही का?

---

शीतकपाट

नाही होणार. उलट वाढेल. गणित करू.

१०० नॅनोअँपिअर झोत तीन सेंमी अमोनियातून गेला की सुमारे ०.३ वॅट उष्णता सोडतो. वर सूक्ष्मलहरींची वेगळी. १ केल्विनला एखादा वॅट खेचायचा म्हणजे खोलीभर पंप. पलीकडे गेलात की तापमान चढतं आणि ध्रुवीकरण उतरतं.

दुसरं, झीज. चौरस सेंटीमीटरला ४ गुणिले १० चा १५ वा घात इलेक्ट्रॉन, या अंदाजाला खडे इतके मार खातात की ॲनिलिंगचा (खडे थोडा वेळ तापवून सुधारण्याचा) विचार करावा लागतो. २ सेंमी व्यासावर पसरलेल्या १०० नॅनोअँपिअरला तिथे पोचायला साडेपाच तास. ५ नॅनोअँपिअरला साडेचार दिवस. हॉल सीमधल्या उच्च झोताच्या प्रयोगांना दिवसाला काही वेळा थांबावं लागतं आणि हॉल बीला नाही, ते यामुळे.

आणि तिसरं, @मोजपट्टी आणि @आकडेमोड्या यांनी लिहिलेल्या चुका घटना वाढवून घटत नाहीत. टार्गेटचं ध्रुवीकरण ४ टक्क्यांनी अनिश्चित असेल तर शंभर कोटी घटनांनंतरही उत्तर ४ टक्क्यांनी अनिश्चितच.

---

काळीकॉफी

झोताच्या बाजूबद्दल कोणी लिहील का? तिथे सगळं आलबेल असतं का?

---

वीनवाला

तुलनेने हो. गॅलियम आर्सेनाइडच्या ताणलेल्या थरांवर वर्तुळ-ध्रुवित लेझर टाकला की ८५ टक्क्यांच्या आसपास ध्रुवित इलेक्ट्रॉन सुटतात. लेझरच्या वाटेत पॉकेल्स सेल असतो, त्याचा व्होल्टेज उलटला की इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटतो. सेकंदाला ३० वेळा किंवा जास्त. इतक्या भराभर उलटल्याने शोधकाची हळूहळू होणारी सरक दोन्ही बाजूंत सारखी वाटली जाते.

धोका असा: स्पिन उलटताना झोताची तीव्रताही किंचित बदलली तर खोटी असममिती तयार होते. म्हणून आलेला विद्युतभार दर खिडकीत मोजून त्याने भागतात. आणि वाटेत एक अर्धतरंग पट्टी मधूनमधून हाताने घालतात-काढतात. ती घातली की खऱ्या असममितीचं चिन्ह उलटायला हवं. जे उलटत नाही ते इलेक्ट्रॉनिक्सचं पाप.

एक गंमत. इलेक्ट्रॉन वळणावर वळतो तेव्हा त्याचा स्पिन त्याच्यापेक्षा जास्त वळतो. किती पट? जीईव्हीतली (कणांच्या ऊर्जेच्या एककातली) ऊर्जा भागिले ०.४४०६. म्हणजे १०.६ जीईव्हीला दिशेच्या एका पूर्ण फेरीमागे स्पिनच्या २४ जादा फेऱ्या. हॉलपर्यंत येताना तो सरळ पुढे बघत असावा म्हणून सुरुवातीलाच वीन फिल्टरने (विद्युत आणि चुंबकी क्षेत्रांनी फक्त स्पिन फिरवणाऱ्या उपकरणाने) त्याला मोजून तिरका करून सोडावा लागतो. तीन हॉलना एकाच वेळी झोत जात असला की तिघांनाही पूर्ण ध्रुवीकरण मिळेल असा कोन मिळतोच असं नाही, मग वाटाघाटी. शेवटी हॉलमध्ये मोलर पोलरिमीटर या उपकरणाने झोताचं ध्रुवीकरण मोजायचं, अचूकता दोन-तीन टक्के.

आडव्या दिशेने वळवलेलं टार्गेट असेल तर निराळा ताप. ५ टेस्लाचं आडवं क्षेत्र झोतालाच वाकवतं. आधी दोन चुंबकांनी झोत उलट बाजूला वाकवून आणायचा, म्हणजे टार्गेटवर तो सरळ पडेल.

---

लिथियम

सर्नची तऱ्हा उलटी आहे म्हणून लिहितो. तिथे म्युऑनचा (इलेक्ट्रॉनच्या जड भाऊबंदाचा) झोत, ईएमसीपासून नंतरच्या कंपास प्रयोगापर्यंत. म्युऑन पायॉनच्या विघटनातून येतात आणि जन्मतःच ८० टक्के ध्रुवित असतात. फुकट मिळालेलं, म्हणून मनाला येईल तेव्हा उलटता येत नाही. मग उलटायचं टार्गेट.

पण टार्गेट उलटायला वेळ लागतो, तोवर शोधक सरकतो. तोडगा: टार्गेटचे एकामागोमाग भाग करायचे, उलटसुलट दिशांना वळवलेले, एकाच झोतात. कंपासने २००६ पासून तीन भाग ठेवले: ३०, ६० आणि ३० सेंमी. मधला एका दिशेला, बाजूचे दोन दुसऱ्या. दोन भाग असताना पुढच्या आणि मागच्या भागाला शोधक वेगळा दिसायचा, तीनमध्ये सरासरी जागा एकच झाली. वर सोलेनॉइडचं क्षेत्र ठरावीक काळाने फिरवून स्पिनची दिशा उलटवायची.

म्युऑन विरळ, म्हणून टार्गेट १.२ मीटर. उष्णता नगण्य, म्हणून केल्विनच्या दहाव्या हिश्श्याखाली नेऊन ध्रुवीकरण गोठवून ठेवता येतं. न्यूट्रॉनसाठी त्यांनी लिथियम-६ ड्युटेराइड घेतलं: लिथियम-६ म्हणजे जवळपास हेलियम-४ अधिक ड्युटेरॉन (एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांची जोडी), त्यामुळे निम्मं टार्गेट कामाचं. ध्रुवीकरण ५० टक्क्यांच्या आसपास, पण डायल्यूशन ते भरून काढतं.

---

नवसागर

न्यूट्रॉनचा विषय निघालाच आहे तर. सुटा न्यूट्रॉन पेशीत भरता येत नाही, सरासरी पंधरा मिनिटांत त्याचं विघटन होतं. ड्युटेरॉन घ्या किंवा हेलियम-३.

ड्युटेरॉनमध्ये न्यूट्रॉन मिळतो पण प्रोटॉनच्या पाठीला बांधलेला. प्रोटॉनचा मोठा सिग्नल वजा करून न्यूट्रॉनचा छोटा काढायचा, दोन्हींच्या चुका अंगावर. शिवाय त्याची टीई पट्टी फक्त ०.१ टक्का. वळलेल्या ड्युटेरॉनचा सिग्नल दोन शिखरांचा असतो आणि त्या शिखरांच्या उंचीच्या गुणोत्तरावरूनही ध्रुवीकरण निघतं. ध्रुवीकरण जास्त असेल तेव्हा ही पद्धत टीईपेक्षा भरवशाची.

हेलियम-३ मध्ये दोन प्रोटॉनांचे स्पिन एकमेकांना रद्द करतात आणि स्पिन बहुतांशी न्यूट्रॉनचा, सुमारे ८७ टक्के. काचेची दोन कप्प्यांची पेशी, आत दहाएक वातावरणांचा दाब. वरच्या गरम कप्प्यात रुबिडियम आणि पोटॅशियमची वाफ, तिच्यावर ७९५ नॅनोमीटरचा लेझर. अल्कली अणू वळतात, टकरीत हेलियमला वळवतात, तो खाली ४० सेंमीच्या नळीत उतरतो. नुसतं रुबिडियम असण्यापेक्षा पोटॅशियम मिसळल्याने वेग बराच वाढला, झोताखालीही ५५-६० टक्के टिकतं. बर्फ नाही, मोठा चुंबक नाही, २५ गॉस पुरतात. फक्त पेशी काचेची आणि दाबाखाली. तिच्याजवळ चष्म्याशिवाय जायचं नाही.

हॉल एच्या प्रयोगात हेलियम-३ वरूनच मोठ्या एक्सला न्यूट्रॉनची असममिती धन होताना दिसली. प्रोटॉनच्या आकड्यांशी जोडून पाहिलं तर डाउन क्वार्क मात्र ०.६ पर्यंत उलटाच बसलेला.

---

काळीकॉफी

मग आजचा हिशेब? आणि यात भारतातलं कोणी आहे का?

---

अर्धपूर्णांक

क्वार्कांचा वाटा आता ०.३ च्या आसपास स्थिरावलाय, हर्मिसच्या ड्युटेरॉनवरून ०.३३ आला. ईएमसीचं ०.१२ खोटं नव्हतं, त्याची पट्टी एवढी रुंद होती की आजचा आकडा तिच्या काठाशी येतो. ग्लुऑनचा (क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या कणांचा) वाटा अमेरिकेतल्या ब्रुकहेवनच्या आरएचआयसी या कोलायडरमध्ये ध्रुवित प्रोटॉन ध्रुवित प्रोटॉनांवर आदळवून काढला. २०१४ च्या विश्लेषणात एक्स ०.०५ च्या वर तो ०.२० निघाला, एकूण अर्ध्यापैकी. तुलना करताना सांभाळा: क्वार्कांच्या ०.३ ला दोनने भागायचं, ग्लुऑनच्या ०.२० ला नाही. या एका गोष्टीवरून मंचांवर हाणामाऱ्या होतात. ०.०५ च्या खाली काय आहे ते तिथल्या होऊ घातलेल्या इलेक्ट्रॉन-आयन कोलायडरवर ढकललंय.

भारतातून: आरएचआयसीच्या फिनिक्स गटात ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र होतं. आयआयटी मुंबईत सैद्धांतिक काम चालतं.

---

पापुद्रा

शेवटची शंका. ॲनिलिंग नेमकं कधी करायचं? ध्रुवीकरण किती खाली आल्यावर?

---

शीतकपाट

ठरलेला आकडा नाही, हिशेब आहे. कामाचा वेग ध्रुवीकरणाच्या वर्गाप्रमाणे जातो. ९० टक्क्यांना ०.८१, ७० टक्क्यांना ०.४९. म्हणजे ७० वर चालणारा तास ९० च्या तासाच्या ६० टक्केच. थांबून खडे ८० ते १०० केल्विनला थोडा वेळ तापवायचे, परत थंड करायचे, परत वळवायचे, यात काही तास जातात. तेवढ्या तासांत गमावलेल्या घटना आणि खाली राहून गमावलेल्या घटना, ज्या कमी असतील ते करायचं. जास्त झोताला बहुधा ७०-७५ च्या आसपास काटा उलटतो. झोत त्वरकाच्या कारणाने बंद पडला तर हिशेब न करता लगेच ॲनिल करा, तो वेळ फुकटचा.

तापवताना शंभराच्या फार वर जाऊ नका, नको ते सुटे इलेक्ट्रॉन जातात तसे कामाचेही जातात. प्रत्येक फेरीनंतर ध्रुवीकरण पहिल्याइतकं चढत नाही आणि झीजही लवकर होते. काही फेऱ्यांनंतर पेशी बदलणंच शहाणपणाचं.

आणि जुनी पेशी काढण्याआधी तिची शेवटची टीई घ्या. एकदा खडे बाहेर आले की त्या पेशीवरच्या सगळ्या घटनांची पट्टी तीच राहते जी सुरुवातीला घेतली होती, आणि मधे केबल सरकली असेल तर ते कळायला दुसरी जागा उरत नाही.